पुरुषांच्या आत्महत्या : देशोदेशीचे आकडे आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण. स्मरणिकेसाठी शब्दांकित.)



वर्धापन दिनाच्या आनंदाच्या कार्यक्रमात हा विषय कशाला, असे समितीतल्या एक-दोघांनी मला विचारले. त्यांचे विचारणे रास्तच आहे. मी त्यांना एवढेच म्हणालो, की आपण याच सभागृहात पुण्यानुमोदनालाही बसतो. कधी कधी समोर हार घातलेला फोटो असतो तो तिशी-चाळिशीतल्या माणसाचा. बोलणारे सांगतात, स्वभाव चांगला होता, जयंतीच्या कामात पुढे असायचा, कुणाला नाही म्हणायचा नाही. गेला कसा, एवढे मात्र कुणी बोलत नाही. सगळ्यांना माहीत असते आणि सगळे गप्प असतात. पण गप्प बसल्याने कुठलेच दुखणे कमी झालेले नाही. म्हणून आज बोलू या.

मी कुणाच्या घरातली गोष्ट सांगणार नाही. आकड्यांवरून बोलणार आहे. आकडे कोरडे असतात खरे, पण त्यांचा एक गुण आहे. ते कुणाचे नाव घेत नाहीत आणि कुणाच्या दारात बोट दाखवत नाहीत.

आधी आपल्या देशाचे पाहू. केंद्र सरकारचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दर वर्षाचा अहवाल काढतो. २०२२ सालच्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यात पुरुष १,२२,७२४ आणि स्त्रिया ४८,१७२. म्हणजे शंभरातले जवळजवळ ७२ पुरुष. रोजचा हिशेब केला तर दिवसाला ३३६ पुरुष होतात. राज्यांमध्ये सर्वात मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, २२,७४६. दिवसाला ६२ माणसे.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण वर्तमानपत्रात आकडा वाचताना आपण तिथेच फसतो. महाराष्ट्रात माणसेच जास्त, म्हणून आकडाही मोठा. दोन ठिकाणांची तुलना करायची असेल तर नुसती संख्या चालत नाही, दर बघावा लागतो. एक लाख लोकांमागे किती, त्याला दर म्हणायचे. त्या वर्षी देशाचा दर १२.४ होता. महाराष्ट्राचा सुमारे १८, केरळचा २८.५, सिक्कीमचा ४३.१. आणि बिहारचा? फक्त ०.६. मग बिहारचे लोक केरळच्या लोकांपेक्षा पन्नास पटीने सुखी आहेत का हो? तसे कुणी म्हणणार नाही. काही फरक खरा असेल, पण काही फरक नोंदीचाही असतो. कुठे पोलीस ठाण्यापर्यंत बातमी जाते, कुठे पंचनामा 'अपघात' म्हणून होतो, कुठे बदनामीच्या भीतीने घरचेच झाकून टाकतात. देशादेशांचे आकडे वाचतानाही हे ध्यानात ठेवायचे. दर कमी दिसला म्हणजे दुःख कमी असेलच असे नाही. तिथे कदाचित बोलायची चोरी असेल.

आता जगाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात ७ लाख २७ हजार लोकांनी आत्महत्या केली. पुरुषांचा दर स्त्रियांच्या दुपटीहून जास्त. जवळपास सगळ्या देशांत पुरुषच जास्त आहेत. हे ऐकले की आपण लगेच म्हणतो, बाप्याचा जातच तसली, तापट. रागाच्या भरात करून बसतो. हे उत्तर सोपे आहे, पण बरोबर नाही. आजच्या भाषणात मला एवढेच पटवून द्यायचे आहे, की हा आकडा पुरुषाच्या स्वभावाचा नाही, त्याच्या भोवतालच्या परिस्थितीचा आहे. आणि परिस्थितीचा आहे म्हणूनच तो कमी करता येतो.

पुरावा काय? स्वभावाचा आकडा असता तर तो सगळ्या देशांत सारखा राहिला असता. तसा तो नाही. अमेरिकेत पुरुषांचा दर स्त्रियांच्या जवळजवळ चौपट आहे. पोलंडमध्ये सहा-सात पट. आपल्याकडे अडीच पट. आणि चीनचे बघा. १९९० च्या दशकात चीनमध्ये उलटेच होते, पुरुषांपेक्षा स्त्रियांचा दर जास्त होता, विशेषतः खेड्यांत. पुढे खेड्यातल्या बाया कारखान्यांच्या कामाला शहरात गेल्या, सासुरवासातून आणि घरात ठेवलेल्या शेतीच्या विषापासून दूर झाल्या, आणि तिथला दर निम्म्याहून खाली आला. माणसे तीच, स्वभाव तोच. परिस्थिती बदलली आणि आकडा बदलला. आपल्या देशातही १९९० च्या दशकात शंभर आत्महत्यांत पुरुष साठाच्या आसपास होते, आज बहात्तर आहेत. तीस वर्षांत पुरुषाचा स्वभाव बदलत नसतो. त्याच्या डोक्यावरचे ओझे बदलते.

हे काही मी नवीन सांगत नाही. फ्रान्समधले समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्खेम यांनी १८९७ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. युरोपातल्या देशांचे आकडे शेजारी शेजारी मांडून त्यांनी दाखवले, की आत्महत्या ही एकट्या माणसाच्या मनातली गोष्ट दिसली तरी तिचा दर समाज ठरवतो. माणूस समाजाशी किती घट्ट बांधलेला आहे, यावर तो अवलंबून असतो. सव्वाशे वर्षे होऊन गेली, तपशील बदलले, पण मूळ गोष्ट खोटी ठरली नाही.

आता मी तुम्हाला चार देशांत नेणार आहे. चारही ठिकाणी आकडा वर गेला होता आणि चारही ठिकाणी तो खाली आला. कशाने वर गेला आणि कशाने खाली आला, तेवढेच बघायचे.

पहिला देश श्रीलंका. आपल्याला जवळचा, बुद्धाला मानणारा. तिथे तरी हे कमी असेल असे आपल्याला वाटते. पण १९९५ च्या सुमारास श्रीलंकेचा दर लाखामागे ४७ होता, जगातल्या सर्वात वरच्या दरांपैकी एक. त्यात मोठा भाग खेड्यातल्या शेतकऱ्या-मजुरांचा आणि शेतीच्या विषाचा. आपल्याकडे त्याला काय म्हणतात? 'औषध'. शेतात फवारायच्या विषाला आपण औषध म्हणतो आणि ज्वारीच्या पोत्याशेजारी ठेवतो. श्रीलंकेच्या सरकारने काय केले? १९८४ पासून एकेक करून अत्यंत जहाल विषांवर बंदी आणली. १९९५ साली अतिविषारी गटातली सगळी बंद केली, १९९८ ला एंडोसल्फान, पुढे २००८ नंतर आणखी तीन. शेतकरी बुडतील अशी ओरड झाली, पण पिकांचे उत्पादन घटल्याचे आढळले नाही. आणि वीस वर्षांत आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. अभ्यासकांचा अंदाज आहे की त्यामुळे ९३ हजार लोकांचे प्राण वाचले. गरिबी गेली नव्हती, भांडणे थांबली नव्हती, यादवी युद्ध तर चालूच होते. तरीही माणसे वाचली.

यातून काय कळते? मरायची इच्छा ही बहुतेक वेळा लाटेसारखी असते. येते, अंगावरून जाते. त्या घटका-दोन घटकांत हाताशी जहाल साधन नसले, तर माणूस वाचतो. आणि वाचलेली बहुसंख्य माणसे पुढे जगतात, लेकरांची लग्ने बघतात. अमेरिकेसारख्या देशात स्त्रिया प्रयत्न जास्त करतात आणि मरतात मात्र पुरुष जास्त, त्याचे एक कारण हेच आहे. तिथल्या पुरुषांच्या घरात बंदूक असते.

दुसरा देश जपान. हाही बुद्धाचा, शिवाय श्रीमंत, शिकलेला. १९९७ साली आशियातल्या अनेक देशांत आर्थिक संकट आले, जपानमधल्या मोठमोठ्या बँका आणि कंपन्या बुडाल्या. त्या वर्षी तिथे २४,३९१ आत्महत्या झाल्या होत्या. १९९८ साली झाल्या ३२,८६३. एका वर्षात आठ हजारांहून जास्त वाढ. त्यातले बहुतेक पुरुष, मधल्या वयाचे, नोकरी गेलेले किंवा धंदा बुडालेले. नोकरी गेल्याचे घरी सांगायची लाज. पुढे चौदा वर्षे आकडा तीस हजारांच्या खाली आला नाही. शेवटी २००६ साली जपानच्या संसदेने आत्महत्या प्रतिबंधाचा कायदा केला. त्यात म्हटले, की हा खासगी प्रश्न नाही, समाजाचा आणि सरकारचा प्रश्न आहे. कर्जाचा सल्ला, नोकरीचा सल्ला आणि मनाचा उपचार या गोष्टी एकमेकांना जोडल्या. २०१२ साली आकडा तीस हजारांच्या खाली आला आणि २०१९ साली वीस हजारांच्या आसपास.

तिसरा देश रशिया. १९८५ साली तिथल्या सरकारने दारूवर कडक निर्बंध आणले, तेव्हा पुरुषांच्या आत्महत्या लक्षणीय कमी झाल्या. निर्बंध ढिले पडले, १९९१ ला सोव्हिएत संघ मोडला, कारखाने बंद, पगार बंद, पेन्शन कवडीमोल, आणि दारू मुबलक. १९९४ च्या सुमारास तिथल्या पुरुषांचा दर जगात अगदी वर जाऊन बसला. पुढे दारूवर पुन्हा नियम आले, परिस्थिती सावरली आणि आकडा उतरला. दारूने दुःख कमी होत नाही, फक्त हाताला आवरणारा विचार तेवढा मरतो. आपण पंचशील घेताना पाचव्या शीलात काय म्हणतो ते मी तुम्हाला सांगायला नको. ते शील नुसते म्हणायचे नाही, त्याच्यावर घरातल्या माणसाचा जीव अवलंबून आहे.

चौथा देश फिनलंड. छोटा देश, थंडी फार, माणसे अबोल. तिथे १९८६ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी एक विलक्षण काम केले. १९८७-८८ मध्ये एका वर्षात झालेल्या सगळ्या १,३९७ आत्महत्यांचा, घरोघर जाऊन, नातेवाइकांशी आणि उपचार करणाऱ्यांशी बोलून अभ्यास केला. आढळले काय, तर बहुतेकांना मनाचा आजार किंवा दारूचे व्यसन होते, आणि उपचार मात्र फार थोड्यांना नीट मिळाले होते. त्यांनी मग डॉक्टर, शिक्षक, चर्च, सैन्य, सगळ्यांना कामाला लावले. १९९० साली तिथला दर शिखरावर होता, आज तो त्याच्या निम्म्याहून कमी आहे.

चार देश झाले. एका ठिकाणी हाताशी असलेले विष, दुसऱ्या ठिकाणी गेलेली नोकरी, तिसऱ्या ठिकाणी दारू, चौथ्या ठिकाणी उपचाराविना राहिलेला आजार. या चारींवर एकच झाकण आहे, ते म्हणजे पुरुषाचे मौन. आणि धर्माचे म्हणाल, तर श्रीलंका आणि जपान दोन्ही बुद्धाला मानणारे देश, पण नुसत्या मानण्याने आकडा उतरला नाही. हात-पाय हलवल्यावर उतरला.

आता आपल्या जिल्ह्यात परत येऊ. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण अजून आपण नगर म्हणतो, तर नगरच म्हणू या. या जिल्ह्यात १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जिल्हा सहकाराचा म्हणून देशभर नाव झाले. त्याच जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची माणसे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतात. राबतात नवरा-बायको दोघे, पण उचलीचा बोलबाला, वसुलीचा तगादा आणि मुकादमाच्या शिव्या नवऱ्याच्या वाट्याला. हंगाम संपताना हिशेब फिटत नाही, उरलेली बाकी पुढच्या वर्षावर जाते. शहरात आलेला बिगारी, हमाल, एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागलेला पोरगा, यांची गोष्ट वेगळी नाही. काम असले तर रोज आहे, नसले तर फक्त फायनान्सचा हप्ता आहे.

२०२२ च्या राष्ट्रीय अहवालात बघा. आत्महत्या करणाऱ्यांत चारामागे एकाहून जास्त माणूस रोजंदारीवरचा आहे, २६.४ टक्के. जवळजवळ दोन तृतीयांश लोकांचे वर्षाचे उत्पन्न एक लाखाच्या आत होते. शेतीवर जगणाऱ्यांच्या ११,२९० आत्महत्या नोंदल्या, त्यात स्वतःची किंवा कसायला घेतलेली शेती करणारे ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. नीट ऐका, शेतमजूर जास्त आहेत. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर आपल्याकडे बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. पात्र ठरलेल्या कुटुंबाला राज्य सरकार एक लाख रुपयांची मदत देते. पण पात्र ठरायला शेतीची आणि कर्जाची कागदपत्रे लागतात. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, ज्याचे कर्ज मुकादमाच्या वहीत आहे, तो मजूर त्या हिशेबात कुठेच बसत नाही. आपल्या समाजातली किती माणसे या रांगेत उभी आहेत, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

त्याच अहवालात कारणांचाही तक्ता आहे. सर्वात वर 'कौटुंबिक समस्या', ३१.७ टक्के. त्याखाली आजारपण, १८.४ टक्के. व्यसन ६.८, कर्जबाजारीपण ४.१, बेकारी १.९. हे तक्ते वाचताना सावध राहायचे. ही कारणे पोलिसांनी लिहिलेली आहेत, एका माणसाला एकच रकाना. पोलिसाने विचारले, घरात काही झाले होते का? घरचे म्हणतात, सकाळी पैशावरून बोलाचाली झाली होती. झाले, लिहिले 'कौटुंबिक'. त्या बोलाचालीच्या मागे हप्ता होता, हप्त्याच्या मागे बंद पडलेले काम होते, कामाच्या मागे दुखणारी पाठ होती आणि पाठीच्या मागे दारू होती. हे सगळे एका रकान्यात बसत नाही.

आणि या 'कौटुंबिक' शब्दातून दुसरा अन्याय होतो. माणूस गेला की वस्तीत कुजबूज सुरू होते, बायकोनेच छळले असेल. ती बाई आधीच उभी कोसळलेली असते, पदरात दोन लेकरे असतात, डोक्यावर त्याचे कर्ज असते, आणि वरून हा आळ. माझी हात जोडून विनंती आहे, हे आपल्या वस्तीत होऊ देऊ नका. पुरुषांच्या आत्महत्येवर बोलणे म्हणजे बायकांच्या विरुद्ध बोलणे नव्हे. उलट आपल्या देशातल्या स्त्रियांचे दुःख जगात सर्वात मोठे आहे. २०१६ च्या आकड्यांवर झालेल्या अभ्यासात आढळले, की जगात आत्महत्येने गेलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के एकट्या भारतातल्या होत्या. घरात नवऱ्याला मोकळेपणी रडता येत नाही आणि बायकोला मोकळेपणी जगता येत नाही. ही दोन्ही दुखणी एकाच चालीरीतीची आहेत.

कुठली चालीरीत? 'कर्ता पुरुष' नावाची. पोरगा चार वर्षांचा असताना पडला, रडला, की आपण म्हणतो, "बायकांसारखा काय रडतो?" तिथून धडा सुरू होतो. पंधराव्या वर्षी त्याला कळलेले असते की दुखले तरी सांगायचे नाही. तिसाव्या वर्षी तो कर्ता होतो. कर्त्याने द्यायचे, मागायचे नाही. बायका निदान नळावर, बचत गटात, महिला मंडळात एकमेकींजवळ बोलतात. बाप्ये पारावर तासन् तास बसतात, राजकारणावर बोलतात, क्रिकेटवर बोलतात. "तुझं कसं चाललंय रे?" असे कुणी विचारले तर उत्तर ठरलेले, "मजेत." आणि तोच मजेतला माणूस आठ दिवसांनी नसतो.

रडण्याने माणूस लहान होतो असे वाटणाऱ्यांना मी बाबासाहेबांची आठवण देईन. १९१७ साली बडोद्याला त्यांना पारशी खाणावळीतून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. शहरात कुणी आसरा दिला नाही. तो प्रसंग आठवला की आजही डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी पुढे कितीतरी वर्षांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. १९२६ साली त्यांचा लाडका राजरत्न गेला. चार लेकरे पुरलेला बाप होता तो. तेव्हा त्यांनी काय केले? कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना पत्र लिहिले आणि आपण पार खचलो आहोत हे मित्राला मोकळेपणी सांगितले. पुढच्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला. ज्या माणसाने कोट्यवधी लोकांना उभे केले, त्याने आपण कोसळलो आहोत हे मित्राला सांगायची लाज बाळगली नाही. मग आपण कोण लागून गेलो?

आता करायचे काय, ते सांगतो आणि थांबतो. भाषण ऐकून टाळ्या वाजवल्या आणि घरी गेलो, असे आज नको.

एक. विचारायला शिका. माणूस बोलायचा कमी झाला, झोप उडाली, पिणे वाढले, "माझ्यामुळं तुम्हाला त्रास", "आता सगळं तुम्हीच बघा" असे बोलायला लागला, आवडीच्या वस्तू वाटायला लागला, तर त्याला बाजूला घेऊन सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, हा गैरसमज आहे. विचारल्याने ओझे हलके होते. तो बोलला तर उपदेश करू नका, "लेकरांचा तरी विचार कर" म्हणून लाजवू नका. ऐका. आणि त्या रात्री त्याला एकटे सोडू नका.

दोन. ज्याच्या घरी फवारणीचे 'औषध' आहे, त्याने ते कुलपात ठेवावे आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. हंगाम संपल्यावर उरलेले घरात ठेवूच नये. श्रीलंकेने जे देशात केले, ते निदान आपण आपल्या घरात करू शकतो. बाकीची मागणी सरकारकडे करायची.

तीन. मनाचा आजार हा आजार आहे, बाहेरची बाधा नाही आणि नाटक तर नाहीच. मलेरियाला जसे औषध आहे तसे यालाही आहे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची सेवा मिळते. फोनवर बोलायचे असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा अशी मी समितीला सूचना करतो.

चार. पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा ३०९ कलमाखाली गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितले, की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरायचे आणि त्याला उपचार द्यायची जबाबदारी सरकारची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते जुने कलम ठेवलेले नाही. सरकारी नोकराच्या कामात अडथळा आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अपवाद आहे. म्हणून एक मिनिटही न घालवता दवाखाना गाठायचा.

पाच. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. खेड्यातल्या साध्या बायका, कितीतरी दलित वस्तीतल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या, त्यांना आरोग्याचे शिक्षण दिले आणि त्यांनी गावेच्या गावे बदलली. पुरुषांसाठी त्यांनी शेतकऱ्यांची मंडळे काढली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरोग्याची राखण शेजारीही करू शकतो, हे त्यांनी दाखवले. आपल्या वस्तीत असे पाच-सहा जण तयार होऊ शकत नाहीत का? महिला मंडळ आहे, तसे महिन्यातून एका रविवारी पुरुषांनीही इथे बसावे. वर्गणी नको, ठराव नको, भाषण नको. कुणाचा हप्ता थकला, कुणाचे काम सुटले, कुणाला झोप नाही, एवढेच बोलायचे. फायनान्सवाल्याकडे चार जण सोबत गेले तर मुदत वाढवून मागता येते. एकट्याला तेवढे अवसान नसते.

आणि शेवटचे, ज्या घरातला माणूस गेला आहे त्या घरासाठी. त्याचे फोटो, त्याची चिठ्ठी मोबाईलवर इकडून तिकडे पाठवू नका. पुण्यानुमोदन झाले की त्या घराकडे जाणे थांबवू नका. तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात जा. त्या बाईला कागदपत्रांना मदत करा, पोरांच्या शाळेची चौकशी करा.

बंधू-भगिनींनो, श्रीलंकेत खाली आलेला आकडा, जपानमध्ये खाली आलेला आकडा म्हणजे संध्याकाळी घरी परत आलेली माणसे आहेत. त्यांची नावे कुठल्याही अहवालात छापली जात नाहीत, कारण त्यांना काही झालेच नाही. आपल्या वस्तीत अशी नाव न छापलेली माणसे जितकी जास्त होतील, तितके या विहाराचे काम मोठे.

आज घरी गेल्यावर आपापल्या भावाला, मुलाला, नवऱ्याला, बापाला एवढे विचारा, की कसा आहेस. आणि तो "मजेत" म्हणाला, तर पुन्हा एकदा विचारा.

जयभीम.